चार काउंटर, एकच गडी

उचगावात बसून तुम्ही एखादा गाजलेला व्हिडिओ मोबाईलवर उघडलात, तर तो बहुतेक वेळा अमेरिकेतून येत नाही. त्याची एक प्रत आधीच मुंबईत, पुण्यात किंवा तुमच्या मोबाईल कंपनीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये येऊन पडलेली असते. तुम्ही बोट लावलं की ती पुढे सरकवली जाते. (उचगाव म्हणजे कोल्हापूरला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं. बेळगावजवळही एक उचगाव आहे, त्यांनी रागावू नये. त्यांचंही असंच चालतं.)

ही कल्पना उचगावकरांना समजावून सांगायची गरज नाही, कारण शेजारीच गांधीनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथे कापडाची घाऊक पेठ उभी केली. आसपासच्या तालुक्यांतल्या दुकानदाराला चार गठ्ठे कापडासाठी दर वेळी सुरत-मुंबई गाठावी लागत नाही. कुणीतरी माल एकदाच मोठ्या प्रमाणात आणून ठेवलेला असतो, बाकीचे तिथून उचलतात.

संगणकाच्या जगात अशा साठ्याला कॅश म्हणतात. उच्चार रोकड या अर्थाच्या कॅशसारखाच, स्पेलिंग वेगळं. तुमच्या वतीने माल आणून देणाऱ्या मधल्या गड्याला म्हणतात प्रॉक्सी. दोन्ही मिळून प्रॉक्सी कॅश सर्व्हर. २००० ते २०१० च्या दरम्यान ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट वापरलं, त्यांच्यापैकी अनेकांना ३१२८ हा आकडा आठवेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तो भरल्याशिवाय काही उघडत नसे. ऑर्कुट उघडायला गेलं की पांढऱ्या पानावर नकार यायचा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, स्क्विड. म्हणजे माकूल, तो समुद्रातला मऊ प्राणी. नाव असं का? तर चांगली नावं सगळी आधीच संपली होती, आणि काम चालू असताना तात्पुरतं ठेवलेलं नाव तसंच चिकटलं. हे त्याच्या निर्मात्यांनीच सांगितलेलं कारण आहे.

ही त्या माकूलाची गोष्ट. त्यातही एका विशिष्ट अडचणीची. दुकानात चार काउंटर बांधले, पण गडी एकच ठेवलेला असेल, तर काय करायचं?

आधी माल इतका महाग का होता ते बघू.

भारतातलं इंटरनेट विद्यापीठांतून सुरू झालं. १९८६ मध्ये आखलेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईतली एनसीएसटी ही संस्था होती, आयआयटी होत्या. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला जोडणारी लाइन सेकंदाला ९.६ किलोबिटची होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून, आणि तेही आधी मोजक्या मोठ्या शहरांत. बाकीच्यांनी एसटीडीचं बिल भरून त्या शहराचा नंबर फिरवायचा. जिथे जोडणी उपग्रहातून होती तिथे आणखी एक गंमत. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर. प्रश्न वर जाऊन खाली उतरणार, उत्तर वर जाऊन खाली उतरणार, यातच अर्धा सेकंद संपतो. त्यात मधल्या यंत्रांचा उशीर धरलेलाच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यानेही ती अरुंद वाट पाहिली आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक आले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर त्या संगणकांवर मुख्यतः उसाच्या नोंदीच होत होत्या. मग त्यांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून दाखवलं. वाट अरुंद असली की तिच्यातून जाण्याइतकंच माणसं पाठवतात.

आता एक साधा हिशेब. लॅबमध्ये ३० मुलं, बाहेर जाणारी लाइन ६४ किलोबिटची. सगळ्यांनी ५० किलोबाइटचं एकच पान उघडलं. प्रत्येकासाठी ते वेगळं आणायचं तर एकूण दीड मेगाबाइट, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. मध्ये प्रॉक्सी असेल तर पान एकदाच येतं, सहा-सात सेकंदांत, आणि उरलेल्या २९ जणांना लॅबच्या आतल्या वायरवरून तत्क्षणी मिळतं. (निकालाच्या दिवशी मात्र याचा उपयोग कमी. प्रत्येकाचा सीट नंबर वेगळा, म्हणून प्रत्येकाचं पान वेगळं. कॅशमधून यायचा तो फक्त विद्यापीठाचा लोगो.) सर्वसाधारणपणे शंभरातल्या तीस-चाळीस मागण्या जरी साठ्यातून भागल्या, तरी लाइनचं भाडं भरणाऱ्याला ते मोलाचं होतं.

पहिला चर्चेतला प्रॉक्सी स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत तयार झाला, जिथे वेबचा जन्म झाला तिथेच. अरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी १९९४ च्या पहिल्या वेब परिषदेत त्याच्यावर निबंध वाचला. त्याची कामाची रीत सरळ होती. प्रत्येक मागणीसाठी एक नवी प्रोसेस. प्रोसेस म्हणजे संगणकावर प्रत्यक्ष चालू असलेला प्रोग्रॅम, त्याची स्वतःची मेमरी, स्वतःचा हिशेब. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर दारात गिऱ्हाईक आलं की नवा गडी कामाला ठेवायचा आणि गिऱ्हाईक गेलं की त्याला काढून टाकायचं. चार गिऱ्हाइकं असतील तर चालतं. चारशे आली की माल देण्यापेक्षा गड्यांची भरती करण्यातच दिवस जातो.

याला उत्तर शोधलं हार्वेस्ट नावाच्या अमेरिकी संशोधन प्रकल्पाने. अनवत चंखुन्थोद, पीटर डॅनझिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की गडी एकच ठेवायचा, पण तो कुठेही थांबून राहणार नाही. एका गिऱ्हाइकाची ऑर्डर मुंबईला कळवायची आणि माल येईपर्यंत तिथे उभं न राहता दुसऱ्याकडे वळायचं, मग तिसऱ्याकडे. पहिल्याचा माल आला की परत पहिल्याकडे. १९९६ च्या त्यांच्या निबंधात दावा होता की हा कॅश सर्नच्या कॅशपेक्षा दहापट वेगवान आहे. बहुतेक वेळ वाट बघण्यातच जात असेल तर एक हुशार माणूस शेकडो आळशी माणसांना भारी पडतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पुढे डॅनझिग यांनी त्याचा धंदा केला, आणि मोफत राहिलेल्या शाखेतून १९९६ मध्येच डुएन वेसेल्स यांनी अमेरिकी सरकारच्या विज्ञान निधीवर स्क्विड उभा केला. जो घेईल त्याला फुकट, कोड उघडा. लायसन्सला पैसे नसलेल्या कॉलेजांनी, छोट्या इंटरनेट कंपन्यांनी आणि सायबर कॅफेवाल्यांनी एखाद्या जुन्या पेंटियमवर लिनक्स टाकून तो बसवला, यात नवल नाही.

पण त्या एका गड्यालाही दोन-तीन ठिकाणी थांबावंच लागे. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधताना जुन्या प्रणाली अख्खा प्रोग्रॅम अडवून धरत. म्हणून पत्ता विचारायला वेगळी छोटी मदतनीस पोरं ठेवली. डिस्कवरून फाइल वाचताना तसंच. म्हणून पुढे डिस्कची कामं 'डिस्कडी' नावाच्या दुसऱ्या प्रोसेसकडे दिली. इतकंच काय, जुनी फाइल नुसती पुसायलाही वेळ लागतो म्हणून 'अनलिंकडी' नावाचा एक गडी केवळ पुसण्यासाठी. एकाच प्रोसेसच्या अभिमानाने सुरू झालेल्या दुकानात मागच्या दाराने बरीच पोरं शिरली होती. पण काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर, अजून तो एकटाच.

आणि ते चाललं. बरीच वर्षं चाललं, कारण खरी अडचण काउंटरवर नव्हतीच, गोदामात होती. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एक फाइल शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागत. म्हणजे एका डिस्ककडून सेकंदाला शंभरेक कामं. प्रोसेसर कितीही वेगवान आणा, गोदामातून सेकंदाला शंभरच गठ्ठे येणार असतील तर काउंटरवरचा माणूस हात चोळत बसणार. त्या काळात स्क्विडचा वेग वाढवायचा सल्ला एका वाक्यात मावत असे: मेमरी वाढवा, डिस्क वाढवा.

मग तीन गोष्टी जवळपास एकत्र घडल्या. मेमरी स्वस्त झाली, त्यामुळे खपणारा माल गोदामात न ठेवता काउंटरशेजारच्या फडताळातच मावू लागला. फिरणारा भाग नसलेल्या एसएसडी डिस्क आल्या, म्हणजे गोदामही झटपट झालं. आणि २००५ पासून इंटेल आणि एएमडी दोघांनी एका चिपवर दोन प्रोसेसर, म्हणजे दोन कोअर, द्यायला सुरुवात केली. मग चार, मग आठ. तोवर दर वर्षी नवा प्रोसेसर आणला की जुना प्रोग्रॅम आपोआप वेगवान होई. आता ते बंद झालं. एकाच धाग्याची प्रोसेस एका वेळी एकाच कोअरवर चालते. आठ कोअरच्या नव्या मशीनवर स्क्विड चालवला की एक कोअर शंभर टक्के तापलेला आणि उरलेले सात जवळपास झोपलेले. सर्व्हरवाल्याने आठ काउंटरचे पैसे मोजले होते.

मग लोकांनी साधा जुगाड केला. एकाच मशीनवर स्क्विडच्या दोन-चार वेगवेगळ्या प्रती चालवायच्या. प्रत्येकीची कॉन्फिग फाइल वेगळी, पोर्ट वेगळा, लॉग वेगळा, आणि मुख्य म्हणजे डिस्कवरचा फोल्डर वेगळा. दोघी एकाच फोल्डरमध्ये लिहू लागल्या की साठ्याच्या यादीचा पार विचका होतो. समोर लिनक्सचा फायरवॉल गिऱ्हाइकं आळीपाळीने वाटून देतो. याचे आणखी दोन फायदे होते, ज्यांच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. ३२ बिटच्या लिनक्सवर एका प्रोसेसला साधारण तीन गिगाबाइटच मेमरी वापरता येई, आणि एका प्रोसेसला एका वेळी उघडता येणाऱ्या जोडण्यांची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ ठेवलेली असे. प्रोसेस चार केल्या की दोन्ही मर्यादा चौपट.

तोटाही लगेच दिसला. चार गड्यांची चार फडताळं, आणि एकाकडे काय आहे ते दुसऱ्याला माहीत नाही. तेच चित्र चार वेळा बाहेरून मागवायचं, चार वेळा साठवायचं. ज्या कामासाठी कॅश ठेवला तेच फसलं. थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला किती मागण्या निभावल्या तो आकडा, वाढला, पण बाहेरची लाइन पुन्हा तुंबली.

याच्यावरचं उत्तर कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आडनाव अ ते क असेल तर पहिली खिडकी, ख ते ज असेल तर दुसरी. कार्प नावाची रीत नेमकी हीच, फक्त अक्षराऐवजी पानाच्या पूर्ण पत्त्यावर एक गणित करते, आणि उत्तर येईल त्या गड्याकडे ती मागणी जाते. एक पत्ता नेहमी त्याच गड्याकडे जाणार, म्हणून प्रत एकच. समोर फक्त वाटप करणारी एक हलकी प्रोसेस, मागे साठा सांभाळणाऱ्या अनेक.

याचा सर्वात मोठा प्रयोग तुमच्याआमच्या वापरातलाच होता. विकिपीडिया अनेक वर्षं स्क्विडवर चालत असे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. पुढच्या दशकात तिथला शिवाजी महाराजांवरचा लेख कोल्हापुरातल्या कुणी वाचला असेल, तर तो जवळजवळ नक्कीच स्क्विडच्या हातून आला असेल. इथे स्क्विड उलटा बसवलेला होता. वाचणाऱ्यांच्या बाजूला नाही, साइटच्या बाजूला. २००७ मध्ये विकिमीडियाच्या मार्क बेर्ग्समा यांनी मांडलेल्या माहितीनुसार ५५ स्क्विड सर्व्हर चालू होते, प्रत्येक जण सेकंदाला हजाराच्या आसपास मागण्या पेलत होता, आणि कार्प वापरायला लागल्यापासून मजकुराच्या ८५ टक्के आणि चित्रांच्या ९८ टक्के मागण्या साठ्यातूनच भागत होत्या. मूठभर तंत्रज्ञ आणि देणग्यांवर चालणारी संस्था जगातल्या सर्वाधिक भेटी मिळणाऱ्या साइटींपैकी एक चालवू शकली, त्यामागे हे वाटप होतं. माझ्या मते स्क्विडच्या कारकिर्दीतला हा सर्वात चांगला काळ.

स्क्विडच्या आत मात्र तेव्हा घरभांडण चालू होतं. जुनी दोन क्रमांकाची मालिका सी भाषेत, वेगवान आणि पारखलेली. नवी तीन क्रमांकाची मालिका सी++ मध्ये नव्याने लिहिलेली, २००७ च्या अखेरीस बाहेर आलेली, पण जुन्यातल्या काही सोयी नसलेली. उदाहरणार्थ यूट्यूबचा एकच व्हिडिओ दर वेळी वेगळ्या पत्त्यावरून येतो. तो एकच आहे हे ओळखून साठवायची सोय २.७ मध्ये होती, तिसऱ्या मालिकेत ती यायला २०१३ उजाडलं. तोवर एकाच हॉस्टेलमध्ये एकच गाणं शंभरदा उतरवलं जात असेल तर त्याचं बिल कुणीतरी भरतच होतं. २००५ च्या सुरुवातीला आलेल्या बीएसएनएलच्या ब्रॉडबँडमध्ये पहाटे २ ते ८ डाउनलोड मोफत असे, आणि त्यासाठी गजर लावून उठलेली एक पिढी आज चाळिशीकडे झुकली आहे. तिला विचारा बिल म्हणजे काय.

शेवटी २०१२ मध्ये स्क्विड ३.२ आला. कॉन्फिग फाइलमध्ये 'वर्कर्स ४' एवढी एक ओळ लिहा, आणि स्क्विड स्वतःच चार प्रोसेस सुरू करणार. चौघे एकाच पोर्टवर बसणार, एक समन्वयक त्यांच्यात मेळ घालणार, आणि मेमरीतलं फडताळ चौघांचं सामायिक. डिस्कसाठी 'रॉक' नावाचं नवं गोदाम, तेही सामायिक. मल्टिकोअर चिप बाजारात आल्यानंतर सात वर्षांनी चार काउंटरवर चार गडी बसले.

पण सामायिक साठ्यात सुरुवातीला ३२ किलोबाइटपर्यंतच्याच वस्तू मावत. लोगो, बटणं, छोटं पान ठीक. मोठा फोटो, गाणं, व्हिडिओ, सॉफ्टवेअरचा अपडेट, म्हणजे ज्यासाठी लाइन खरोखर तुंबते ते सगळं बाहेर. ही मर्यादा २०१५ च्या ३.५ मध्ये उठली.

आणि २०१५ पर्यंत गिऱ्हाईकच बदललं होतं.

स्नोडेनने २०१३ मध्ये अमेरिकी पाळतीचे कागद उघड केले. पुढच्या वर्षी गूगलने सांगितलं की कुलूपबंद साइट, म्हणजे एचटीटीपीएसवाली, शोधात थोडी वर दिसेल. २०१५ च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने कुलपाचं प्रमाणपत्र सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटला 'असुरक्षित' म्हणू लागला. कुलूपबंद वाहतुकीत मधल्या गड्याला फक्त साइटचं नाव कळतं. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून साठवताही येत नाही. तो फक्त बंद पाकीट इकडून तिकडे देतो. पाकीट फोडून परत चिकटवायची सोय स्क्विडमध्ये आहे, पण त्यासाठी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये कॉलेजची बनावट किल्ली घालावी लागते. ते कुणी मान्य करू नये. प्रॉक्सीच्या लॉग फाइलमध्ये कुठल्या मशीनवरून कोणी काय पाहिलं त्याची ओळन् ओळ नोंद असे, आणि ती फाइल कुणाच्या हाती असेल याचा नेम नसे, हे विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

तरी एक गोष्ट मला खटकते. कॅश संपला नाही, त्याचा मालक बदलला. पूर्वी साठा गिऱ्हाइकांचा होता. कॉलेज, गावातला कॅफे, जिल्ह्यातली छोटी इंटरनेट कंपनी तो भरत आणि काय ठेवायचं ते ठरवत. आता साठा माल बनवणाऱ्याचा आहे. गूगल आणि नेटफ्लिक्स आपले सर्व्हर थेट इंटरनेट कंपन्यांच्या आवारात नेऊन ठेवतात, आणि बाकीच्या साइटी क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्यांचं गोदाम भाड्याने घेतात. ज्याचं गोदाम मोठं, त्याचा माल उचगावात आधी पोचतो. छोट्या मराठी साइटने गोदाम भाड्याने घेतलं नाही तर तिचं पान दर वेळी लांबून, आपल्या आपण चालत येतं. पूर्वी लॅबचा प्रॉक्सी असा भेदभाव करत नसे. जे जास्त मागितलं जाई ते राही.

गंमत म्हणजे या मोठ्या गोदामांतही तोच जुना प्रश्न निघाला. क्लाउडफ्लेअर बरीच वर्षं एन्जिनेक्सवर होती. ते रशियाच्या इगोर सिसोयेव्ह यांनी लिहिलेलं, २००४ मध्ये खुलं झालेलं सॉफ्टवेअर, आणि त्यात सुरुवातीपासूनच अनेक वर्कर प्रोसेस. पण प्रत्येक वर्कर मूळ साइटशी जोडलेल्या आपापल्या लाइनी स्वतःजवळ ठेवतो. शेजाऱ्याची उघडी लाइन मोकळी असली तरी याला नवी जोडावी लागते. म्हणून २०२२ मध्ये कंपनीने पिंगोरा नावाचा स्वतःचा प्रॉक्सी जाहीर केला. त्यात वेगळ्या प्रोसेस नाहीत, एकाच प्रोसेसच्या आत अनेक धागे, आणि लाइनी सगळ्यांच्या सामायिक. एका मोठ्या ग्राहकाच्या बाबतीत जुनी लाइन पुन्हा वापरण्याचं प्रमाण ८७.१ टक्क्यांवरून ९९.९२ वर गेलं, असं त्यांनी लिहिलं. सर्नच्या हजार गड्यांपासून हार्वेस्टच्या एकट्यापर्यंत, तिथून स्क्विडच्या चौघांपर्यंत, आणि आता पुन्हा एक, पण अनेक हातांचा.

स्क्विड अजून आहे. मूठभर स्वयंसेवक तो सांभाळतात. २०२१ मध्ये जोशुआ रॉजर्स नावाच्या सुरक्षा संशोधकाने त्याच्यात ५५ दोष शोधले आणि अडीच वर्षं थांबून २०२३ च्या ऑक्टोबरात जगजाहीर केले, तेव्हा त्यातले ३५ तसेच होते. रॉजर्स यांनीही दोष माणसांना दिला नाही. काम करणारे हातच पुरेसे नाहीत, असं त्यांनी लिहिलं. शाळा-कॉलेजांत आणि ऑफिसांत स्क्विड आता मुख्यतः काय उघडू द्यायचं नाही यासाठी बसवतात. नव्याने इन्स्टॉल केलेला स्क्विड मेमरीत थोडंफार ठेवतो, पण डिस्कवर मुळात काहीच साठवत नाही. साठवायची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये अजून लिहिलेली असते, १०० मेगाबाइटचा आकडाही असतो. फक्त तिच्या आधी हॅशचं चिन्ह असतं, म्हणून ती वाचली जात नाही.